ऊसगाड्यांची रांग आणि तिचे प्रतिरूप
(वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार आटोपल्यावर कोणीतरी वडीलधाऱ्याने चार शब्द सांगावेत, अशी आपल्या मेळाव्याची प्रथा आहे. यंदा तो मान आमच्याकडे आला आहे. उपदेश करण्याची खोड जुन्या शिक्षकास असतेच. तथापि आज आम्ही उपदेश बाजूस ठेवून एक उदाहरण सोडवून दाखविणार आहोत. उदाहरण गणिताचे आहे, आणि आपल्या दारातले आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा मुलूख उसाचा झाला. गळिताचा हंगाम सुरू झाला की सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची वर्दळ रात्रंदिवस चालते. ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जितका काळ जाईल, तितके त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरही कमी होते. हे नुकसान शेतकऱ्याचे आणि कारखान्याचेही. पण तिसरे एक नुकसान आहे, ते कोणाच्या वहीत लिहिले जात नाही. बीडकडून, नगरकडून आलेल्या तोडणी कामगारास मजुरी टनावर मिळते, तासावर नव्हे. गाडीतळावर बैलांचे जू खाली ठेवून त्याने काढलेली रात्र फुकट जाते. आणि त्याची बायको पहाटे पुन्हा कोयता घेऊन फडात उभी असते.

रांग का लागते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की, गाड्या फार झाल्या. आम्हांसही तसेच वाटे. आमचा भाचा अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. त्याने एकदा सुटीत आमच्यापुढे सोंगटीच्या खेळातला एक फासा ठेवला आणि म्हणाला, "मामा, गाड्या कमी असल्या तरी रांग लागते, हे तुम्हीच सिद्ध कराल."

खेळ असा. एक गाडी रिकामी करण्यास नेमकी 6 मिनिटे लागतात असे धरावयाचे. फासा टाकावयाचा; जे दान पडेल त्याची दुप्पट मिनिटे गेल्यावर पुढील गाडी आली असे समजावयाचे. आम्हांस बारा दाने पडली ती अशी : 4, 2, 1, 1, 3, 2, 6, 5, 6, 1, 5, 6. बेरीज 42, म्हणजे 84 मिनिटांत 12 गाड्या. सरासरीने दर 7 मिनिटांस एक गाडी येते आणि 6 मिनिटांत ती रिकामी होते. शाळेतील त्रैराशिकाने पाहिले तर कोणासही क्षणभर थांबावे लागू नये.

आता वहीत प्रत्येक गाडीची येण्याची वेळ, उतरविण्यास आरंभ आणि शेवट असे तीन रकाने मांडून पाहा. विद्यार्थ्यांनी हे घरी अवश्य करावे, आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. बारापैकी 8 गाड्यांस थांबावे लागले. सर्वांचे मिळून थांबणे 52 मिनिटे झाले, आणि सहाव्या गाडीस एकटीस 12 मिनिटे थांबावे लागले. नवल याहून पुढेच आहे. त्याच 90 मिनिटांत उतरविण्याची जागा, पहिल्या गाडीची वाट पाहण्यात गेलेली 8 मिनिटे धरून, 18 मिनिटे रिकामी बसली! म्हणजे गाडीवानही खोळंबला आणि क्रेनही खोळंबली. दोष गाड्यांच्या संख्येत नसून त्यांच्या अनियमितपणात होता. याच गाड्या बरोबर सात-सात मिनिटांनी आल्या असत्या तर रांग लागलीच नसती.

मग भाच्याने तीच दाने कायम ठेवून 6 मिनिटांच्या जागी 5 मिनिटे धरावयास सांगितले. काम एक षष्ठांशाने त्वरेचे झाले; थांबणे मात्र 52 मिनिटांवरून 28 वर आले, म्हणजे जवळजवळ निम्मे. चाळीस वर्षे सरासरी शिकविलेल्या माणसास त्या दिवशी सरासरी म्हणजे काय ते नव्याने कळले. (हे आकडे आमच्या फाशाचे आहेत, कारखान्याचे नव्हेत. कोणत्याही कारखान्यास बोल लावण्याचा आमचा हेतू नाही.)

संगणक हेच करतो. फक्त बारा दानांच्या जागी तो लाखो दाने टाकतो. यास सिम्युलेशन म्हणतात. आम्ही त्यास प्रतिरूप म्हणू. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञास 1946 साली आजारपणात एकट्याने पत्ते लावीत असता ही कल्पना सुचली. डाव जुळण्याचा संभव गणिताने काढणे जड जाते, तर पुष्कळ डाव मांडून किती जुळतात ते मोजावे, इतकेच. पुढे या पद्धतीस मॉन्टे कार्लो येथील जुगारगृहाचे नाव मिळाले. ज्या फाशांनी धर्मराजास वनात धाडले, तेच फासे आता कारखान्याची घडी बसवू लागले, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्लंडात शेफील्डच्या पोलाद कारखान्यांसाठी टोचर यांनी अशी प्रतिरूपे रचिली व 1963 साली त्यावर ग्रंथ लिहिला. नॉर्वेतील डाल आणि न्यूगोर्ड या दोघांनी त्याच दशकात सिम्युला नावाची संगणकभाषा याच कामासाठी निर्माण केली. आज गोदामे, बंदरे, मोटारींचे कारखाने उभारण्यापूर्वी ते संगणकात चालवून पाहतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात ऊस अरुंद रुळांवरील गाड्यांतून कारखान्यास जातो. त्या गाड्यांची वेळापत्रके आखण्याच्या कामीही संगणक लावण्यात आलेला आहे.

भाच्याने आमचा खेळ संगणकावर चढविला आणि आम्ही तो मोठ्या अभिमानाने एका जुन्या विद्यार्थ्यास दाखविला. हा विद्यार्थी शाळेतून लवकर गळालेला. आज तो गाडी हाकतो. त्याने पडद्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गाड्या दिवसभर सुट्या सुट्या येतात. आमच्या तशा नसतात. सकाळी सगळी टोळी तोडते, दुपारी सगळी टोळी भरते, मग सगळ्यांचे बैल एकदमच निघतात."

आम्ही खजील झालो. गाड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे येतात हे आम्ही गृहीत धरले होते. ते कोणास विचारलेच नव्हते. टोळ्यांच्या वेळा घालून खेळ पुन्हा मांडला तेव्हा सायंकाळची रांग कितीतरी लांबली. प्रतिरूप रचणाऱ्याने प्रथम फडात आणि गाडीतळावर जाऊन उभे राहिले पाहिजे, असे भाच्याच्या पुस्तकातही लिहिले होते म्हणे. त्याने ते प्रकरण परीक्षेस नाही म्हणून सोडले होते!

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, ती सांगतो. संगणकास काय कमी करावयाचे ते आपण सांगावे लागते. गिरणी एक क्षणही रिकामी राहू नये, एवढेच सांगितले तर त्याचे उत्तर ठरलेले आहे : दारात रांग लांब ठेवा. त्या हिशेबात लांब रांग हा दोष नसून गुण ठरतो. गाडीवानाचे थांबणे, उसाचे सुकणे, बैलांचे उपाशी उभे राहणे यांचे रकाने घातले तर उत्तर बदलते; मग टोळ्यांना निरनिराळ्या वेळा देणे, लांबच्या आणि जवळच्या फडांची तोड आलटून पालटून ठेवणे, असे उपाय पुढे येतात. कोणता रकाना घालावयाचा हे यंत्र ठरवीत नाही. ते ठरविणाऱ्याच्या खुर्चीवर उद्या तुमच्यापैकी कोणी बसेल; त्याने रांगेत उभे असलेल्याचे तोंड पाहिलेले असावे, एवढीच आमची इच्छा आहे.

ही विद्या फार महाग असेल असे पालकांनी समजू नये. पायथन ही भाषा आणि तिच्यातील सिमपाय हे साधन, दोन्ही विनामूल्य मिळतात. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. फासा आणि वही यांवर आम्हांस जे उमगले, ते महाविद्यालयीन मुलामुलींस अवघड जाऊ नये.

येत्या हंगामात चार विद्यार्थी आणि चार विद्यार्थिनी यांनी घड्याळ व वही घेऊन आमच्याबरोबर यावे. गाडीतळावर कोणाच्या कामात अडथळा न आणता, गाडीवानांस आणि कचेरीस आधी विचारून, दुपारपासून रात्रीपर्यंत गाड्यांच्या वेळा टिपावयाच्या आहेत. नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत. चहा आमच्याकडे, फासा आम्ही आणूच.