माजघरांतील उजेड

पुण्यांत जे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या दिवाणखान्याला खिडक्या असतात. माजघराला बहुधा एकही नसते. आमचें घर असेंच. निवडणें-टिपणें, शिवण, मुलांचा अभ्यास, सारें मात्र माजघरांतच चाले! दिवसा दिवा लावणें आईला उधळपट्टी वाटे. सुईंत दोरा ओंवायला ती आम्हां मुलांना हांक मारी.

एके वर्षीं आम्हीं धुरानें काळवंडलेल्या भिंती खरवडून त्यांना व तक्तपोशीला पांढरा चुना दिला. ताजा चुना अंगावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारें पाऊण हिस्सा परत देतो. काळी भिंत बहुतेक सारा गिळून टाकते. दारावरील फळी काढून तेथें कांच बसविली. समोरच्या भिंतीवर आरसा टांगला. दिवाही खालीं, कामाच्या जागेजवळ आणला. अंतर निम्में झालें, कीं उजेड जवळजवळ चौपट होतो.

खर्च थोडकाच झाला. दुसऱ्या दिवशीं आईची हांक आली नाहीं. दोरा तिनेंच ओंवला होता.

घर सजविण्याचें मनांत आलें, तर प्रथम दिवाणखान्याकडे नव्हे, माजघराकडे पाहावें.