शांती कोणाच्या हाती?


३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आपल्या जिल्ह्यातील सास्तूर व शेजारची किल्लारी जमीनदोस्त केली. हजारो माणसे गेली. दैवाचा कोप म्हणावा, तर भट शांती सांगणार! परंतु माणसे मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व धाब्याच्या ओझ्याने. हे कळले की भय निम्मे सरते. पुढे घरदुरुस्तीच्या कामात गावच्या बायाच संवाद सहायक झाल्या. भिंतीत आरपार दगड का बसवावा, हे शिकून त्यांनी शेजाऱ्यांस समजाविले. मंत्राने भिंत सांधत नाही. दुःख राहतेच, पण कामाला लागलेल्या हातांस धीर येतो. तीच खरी शांती. तिला दक्षिणा लागत नाही. पाऊस रुसला, सावकार दारी आला, तरी आधी विचारा : यातले माझ्या हाती काय? तेवढे आजच करा.