शेजारचे घर विक्रीला निघते तेव्हा
(वर्षावासातील व्याख्यानाचा मजकूर)



धम्मावर अधिकाराने बोलणारी मंडळी येथे बसलेली आहेत. आम्ही बँकेत कारकुनी करणारे. ज्या कागदांशी आमचा रोजचा संबंध, त्यांविषयीच बोलणे बरे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यांमधून एक गोष्ट वारंवार घडते. म्हातारी माणसे जातात, मुले मुंबई-ठाण्याला स्थिरावलेली असतात आणि मे महिन्यापुरते उघडणारे घर एक दिवस विक्रीला निघते. त्या दिवसापर्यंत ज्या दोन घरांत मीठ-मिरचीची देवघेव होती, त्यांच्यात गडगा, वाट, बावीचे पाणी आणि हद्दीवरचा माड यांवरून कडाक्याचे भांडण सुरू होते. हे भांडण नेमके विक्रीच्या वेळीच का उपटते? कारण तोवर सारा व्यवहार शब्दावर चाललेला असतो. जाणाऱ्याला तो शब्द ठाऊक असतो, येणाऱ्याला फक्त कागद ठाऊक असतो.

येथे कायद्यातला एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, ज्याला कोर्टात सगळे इझमेंटचा कायदा म्हणतात, हक्क वेगळा आणि परवानगी वेगळी. वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेली वाट हा हक्क होऊ शकतो. तो जमिनीला चिकटतो आणि मालक बदलला तरी टिकतो. पण 'जा रे बाबा आमच्या खळ्यातून' अशी मुभा असेल, तर ती देणाऱ्याने घर विकल्यावर नवा मालक तिला बांधील नसतो. आता आपल्याकडे कोणता आजोबा हक्काने चालत होता आणि कोणता मुभेने, हे सांगणार कोण? साक्षीदार बहुधा स्मशानात गेलेले असतात. म्हणून बोलायचे ते विक्रीच्या आधी, जुना शेजारी अजून मालक असताना.

आमच्या घराला लागून असलेले घर असेच विकायला निघाले. शेजारी परके नव्हते, भावकीतलेच. रस्त्यावरून आमच्याकडे येणारी वाट त्यांच्या बेड्यातून, खळ्याच्या कडेने. आजारी माणसाला खुर्चीत बसवून न्यायचे तरी तीच वाट. गिऱ्हाईक चिऱ्याचे कुंपण घालणार, असे कळले. मुंबईहून आलेले थोरले भाऊ म्हणाले, "वाट ही आमच्या वडलांची मेहरबानी होती." मेहरबानी हा शब्द आमच्या घरातल्या तरुणांना फार लागला. चिरे उतरले की रात्रीत फेकून देऊ, अशी भाषा सुरू झाली.

त्यांना आम्ही महाडची आठवण दिली. चवदार तळे ही आपली खासगी मालमत्ता आहे, असा दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसे पाण्यावर जायला सज्ज होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले आणि कोर्टात लढत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. तो लढा माणूसपणाचा होता, त्याला दहा वर्षे देणे भागच होते. आजही जात पाहून कोणी आपली वाट किंवा पाणी अडवले तर तेथे तडजोड करू नये, त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण भावकीतल्या चार फूट वाटेसाठी दहा वर्षे तारखा घालायच्या का, हा वेगळा प्रश्न आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलियांचा तंटा सांगितला आहे. तोही शेजाऱ्यांचाच. युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने सुचवले की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निकाल द्यावा. संघाने ते मानले नाही, ही गोष्ट निराळी. आम्ही तीच रीत शेजाऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी मानली. पाचवे म्हणून शेजारच्या वाडीतले एक निवृत्त गुरुजी आले.

गुरुजींनी पहिल्याच बैठकीत जुन्या आठवणी बंद केल्या आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायला लावला. खर्च निम्मा-निम्मा. मोजणी झाली आणि निघाले काय, तर आमच्या बाजूचा जुना गडगाच दोन फूट त्यांच्या हद्दीत! आजोबांच्याही आधीचा तो गडगा. त्या दिवशी आमचे तरुण जरा गप्प झाले. शेवटी ठरले असे : आम्ही गडगा मागे घ्यायचा आणि त्यांनी उत्तरेच्या हद्दीने चार फुटांची वाट कायमची द्यायची. खळ्यातली वाट बंद. कुंपण घालणाऱ्यालाही हेच सोयीचे होते.

कागद करताना एक अडचण आली. थोरले भाऊ म्हणाले, सही मी करतो, बहिणींची काय गरज? गरज होती. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि वडिलांच्या पश्चात मुलगीही वारस असते. एका बहिणीची सही राहिली, तर करारही लंगडा आणि विक्रीही. बँकेत कर्जाची अशी किती प्रकरणे अडलेली आम्ही पाहतो! दोघी बहिणी आल्या, सह्या झाल्या. वाटेचा नकाशा जोडून करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवला, विकत घेणाऱ्याचीही त्यावर संमती घेतली आणि खरेदीखतात चतु:सीमेबरोबर वाटेचा उल्लेख आला. 'वडलांची मेहरबानी' हे शब्द कोठेच आले नाहीत, याचे आमच्या वडीलधाऱ्यांना फार समाधान वाटले.

सगळीकडे पाच माणसे मिळतील असे नाही. तेथे तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. दावा दाखल नसतानाही वाद लोकअदालतीपुढे ठेवता येतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तेथील निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. शेतजमिनीकडची वाट अडवली असेल, तर तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत जावे लागते. पुष्कळांची ही मुदत 'बघू, शिमग्याला येतील तेव्हा बोलू' म्हणण्यातच निघून जाते. गावठाणातील घर असेल तर मिळकत पत्रिका आणि शेतात असेल तर सातबारा, एवढा एक कागद विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपल्या घराचा काढून वाचावा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते आजीला विचारावे. जय भीम.