स्वस्त आशिया कोणाच्या जिवावर?



१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे लंडनहून एका जुन्या मोटारीतून पूर्वेकडे निघाले. काबूलला पोहोचल्यावर त्यांनी मोटार विकून टाकली आणि पुढचा मार्ग मिळेल त्या बसने, आगगाडीने, बोटीने आक्रमिला. सिडनीस पोहोचले तेव्हा दोघांत मिळून सत्तावीस सेंट उरले होते, असे ते सांगतात. या प्रवासावर त्यांनी १९७३ मध्ये एक पुस्तिका स्वतःच काढली. ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ हे तिचे नाव. ‘लोन्ली प्लॅनेट’ या जगभर पसरलेल्या प्रकाशनव्यवसायाचा उगम या पुस्तिकेत आहे. तिच्या नावातला शेवटचा शब्द आज विचारात घ्यावयाचा आहे. आशियातून स्वस्तात जाता येते, हे त्या पिढीने निसर्गनियमासारखे गृहीत धरले होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तेथेच अडून विचारले पाहिजे की, ही स्वस्ताई कोणासाठी, आणि तिचा भार कोण उचलतो?

त्या काळचा खुष्कीचा मार्ग ठरलेला होता. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबरखिंड, लाहोर, अमृतसर, दिल्ली. तेथून काही काठमांडूला जात, काही गोव्याच्या किनाऱ्यावर उतरत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा मार्ग मिटला. मग हा ओघ आग्नेयेकडे वळला. बँकॉकच्या खाओ सान या रस्त्याच्या नावाचा अर्थ ‘सडलेला तांदूळ’. तांदळाच्या व्यापाराची ती पेठ. १९८० च्या दशकात तेथील घरांतून पाठपिशवीवाल्या प्रवाशांसाठी खोल्या निघाल्या, आणि आज तांदळाचे नाव तेवढे शिल्लक आहे.

या प्रवाशांची टवाळी करणे सोपे आहे, आणि आपल्याकडे ती पुष्कळ झालीही. वस्तुतः त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसत, गावकरी खातील तेच खात, आणि पंचतारांकित हॉटेलच्या काचेआडून देश पाहण्यापेक्षा हे केव्हाही अधिक प्रामाणिक होते. तथापि हा रस्ता एकेरी होता, हे विसरता येत नाही. अमृतसरहून इस्तंबूलला निघू पाहणाऱ्या भारतीय तरुणाला त्या काळी रिझर्व्ह बँकेचा पी-फॉर्म लागे, परकीय चलनाची भीक मागावी लागे, आणि एवढे करून युरोपच्या दारात त्याच्या खिशातील रुपयाला कोणी विचारीत नसे.

आपल्या भाषेत स्वस्त प्रवासाचा याहून जुना आणि वेगळा दाखला आहे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले. काशीत अन्नछत्रांत जेवून त्यांनी संस्कृत शिकून घेतले. १९०२ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात ते काठमांडूला गेले आणि निराश होऊन परतले. पुढे सिलोन आणि ब्रह्मदेश गाठला. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रवासवर्णन म्हणूनही वाचण्यासारखे आहे. या माणसाजवळ पैसा नव्हता, आणि सीमा ओलांडल्यावरही तो नसेच. अन्नछत्राने, मठाने, विहाराने त्यांना जेवू घातले. किती घालावयाचे हे देणाऱ्याने ठरविले. साठ-सत्तर वर्षांनी त्याच काठमांडूत उतरलेला युरोपीय तरुण घरी बेकार असेल, पण सीमेवर चलन बदलताच तो गावातल्या शिक्षकाहून श्रीमंत होई. दोघांचेही कपडे मळलेले असत. पण दोघांचे अर्थशास्त्र निराळे होते.

हे असे का होते? पोलाद, पेट्रोल, विमानाचे सुटे भाग यांच्या किमती जगभर कमीअधिक सारख्या असतात, कारण या वस्तू जहाजात घालून कोठेही नेता येतात. हजामत नेता येत नाही. अंथरूण घालणे, धुणे धुणे, भात रांधणे, रिक्षा ओढणे ही कामे जेथल्या तेथेच करावी लागतात, आणि त्यांचा भाव त्या जागच्या मजुरीवर ठरतो. म्हणून एखादा देश ‘स्वस्त’ आहे असे प्रवासी म्हणतो, तेव्हा तेथील माणसाचे श्रम स्वस्त आहेत एवढेच तो सांगत असतो. डोंगर, समुद्र आणि देवळे यांना भाव नसतोच.

चलन कोसळते तेव्हा तर हे उघडेवाघडे दिसते. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाट तरता सोडला. डॉलरला पंचवीस बाट हा वर्षानुवर्षांचा भाव होता. १९९८ च्या जानेवारीत तो पन्नासच्या वर गेला. दोनशे बाटची खोली प्रवाशाला आठ डॉलरऐवजी चारला मिळू लागली. इंडोनेशियात डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत होते, ते पंधरा हजारांच्या पलीकडे गेले. प्रवाशांच्या दृष्टीने ते सुगीचे दिवस होते. बँकॉकच्या अर्धवट इमारतींवरचे मजूर मात्र ईशान्येतील आपल्या कोरड्या खेड्यांत परत गेले. जाकार्तात १९९८ च्या मे महिन्यात इंधनाचे भाव वाढविले गेले, दंगली पेटल्या, आणि २१ मे रोजी सुहार्तोंना सत्ता सोडावी लागली.

अगदी शेजारचे आणि अलीकडचे उदाहरण श्रीलंकेचे. कँडीहून बदुल्याकडे जाणारी डोंगरातली आगगाडी ही आज आशियातील स्वस्त प्रवासाची एक मोठी मौज समजली जाते, आणि ती आहेही. तिसऱ्या वर्गाच्या उघड्या दारात पाय सोडून बसावे, खाली चहाचे मळे, मध्येच डेमोदऱ्याजवळ नऊ कमानींचा दगडी पूल. हा लोहमार्ग सौंदर्यासाठी बांधलेला नाही. मळ्यांचा माल कोलंबोच्या बंदरात उतरविण्यासाठी इंग्रजांनी तो १८६७ मध्ये कँडीपर्यंत नेला. तेव्हा माल कॉफीचा होता, पुढे कॉफीवर रोग पडला आणि चहा आला. १९२४ मध्ये मार्ग बदुल्यापर्यंत पोहोचला. मळ्यांवर राबावयास तमिळ मुलखातून माणसे नेली. स्वतंत्र सिलोनने १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व नाकारले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने ५,२५,००० माणसे भारताच्या आणि ३,००,००० सिलोनच्या वाट्याला आली. उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढे ढकलला गेला. माणसांची अशी वाटणी दोन लोकशाही सरकारांनी केली, हे आपल्या चळवळीनेही फारसे मनावर घेतले नाही. शेवटचे राज्यहीन लोक नागरिक होण्यास २००३ चा कायदा यावा लागला.

आता या मळ्यांवरच्या मजुरीचा हिशेब पाहा. २०२१ मध्ये तेथे रोजचे किमान वेतन १,००० रुपये ठरले. डॉलरला सुमारे दोनशे रुपये या त्या वेळच्या दराने ते पाच डॉलर होत. २०२२ च्या मार्च-मे या काळात दर ३६० वर गेला. एप्रिलात सरकारने परदेशी कर्जफेड थांबविल्याचे जाहीर केले. मजुरी कागदोपत्री तीच राहिली, पण डॉलरच्या मापाने तिचे तीन डॉलरही उरले नाहीत. पीठ, रॉकेल, दुधाची भुकटी मात्र आयातीच्या भावाने महागली. पर्यटक परतले तेव्हा डोंगरातली खोली, भात आणि गाडीचे तिकीट डॉलरच्या हिशेबात पूर्वीपेक्षा स्वस्त होते. दारात पाय सोडून बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर टोपली पाठीला लावलेल्या बाया दिसतात. त्याच्या तिकिटाच्या स्वस्ताईत आणि त्यांच्या मजुरीच्या आकड्यात एकच रुपया आहे, हे दिसत नाही.

मग सज्जन माणसाने घरी बसावे काय? मुळीच नाही. पैसा खर्च होतो तो कोणाच्या हातात जातो, हा खरा प्रश्न आहे. आणि या बाबतीत बाली बेटाची हकीकत बोधप्रद आहे. १९६९ मध्ये तेथील विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीस खुला झाला. १९७१ मध्ये फ्रेंच सल्लागारांनी पर्यटनाचा आराखडा केला, १९७४ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी कर्ज दिले. बेटाच्या दक्षिण टोकाला नुसा दुआ येथील कोरड्या जमिनीवर बड्या हॉटेलांची वसाहत उभारावी, पर्यटकांना तेथेच ठेवावे आणि सहलीपुरते आत न्यावे, अशी ही योजना. बालीची संस्कृती भ्रष्ट होऊ नये, हा तिचा सांगितलेला हेतू. वसाहतीतील पहिले मोठे हॉटेल १९८३ मध्ये उघडले. तोवर जवळच्या कुता या गावात कोणाच्याही आराखड्यात नसलेले घडून गेले होते. तेथल्या कुटुंबांनी आपल्या अंगणातल्या खोल्या गरीब प्रवाशांना भाड्याने दिल्या. त्यांना ‘लोस्मेन’ म्हणत. सकाळची कॉफी आणि केळी घरची, धुणे शेजारणीकडे, सायकल चुलत्याची.

बड्या हॉटेलात उतरलेला माणूस दहापट खर्च करतो, हे खरे. पण त्याचे मांस, मद्य, यंत्रसामग्री, व्यवस्थापक आणि नफा यांतील मोठा भाग बेटाबाहेरचा असतो. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. लोस्मेनमध्ये दिलेले थोडे पैसे मात्र त्याच गल्लीत फिरतात. विशेष हे की, त्यासाठी कर्ज काढावे लागले नाही. नियोजनकारांना हे प्रवासी उपद्रव वाटत होते. वस्तुतः गावाला भांडवल मिळवून देत होते तेच. येथे स्वप्नरंजनही नको. पुढे कुत्यातील जमिनीचा भाव चढला, बाहेरचे भांडवल आले, अनेक खोल्यांच्या जागी हॉटेले उभी राहिली. १२ ऑक्टोबर २००२ च्या बाँबस्फोटांत तेथे २०२ माणसे मेली आणि एकाच धंद्यावर उभे असलेले गाव एका रात्रीत रिकामे झाले. भातशेतीला पाणी वाटून देणारी ‘सुबक’ ही तेथील शेतकऱ्यांची जुनी सहकारी व्यवस्था २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण तिच्या पाण्यावर आणि जमिनीवर हॉटेलांचा डोळा आहेच.

परदेशी प्रवाशाची एक नेहमीची तक्रार दुहेरी दरांची असते. अजिंठ्याला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशीयाला ६००; कंबोडियात अंगकोर पाहावयास परदेशीयाला २०१७ पासून दिवसाचे ३७ डॉलर, कंबोडियन नागरिकाला काहीच नाही. यात अन्याय कोणता? ज्यांच्या पूर्वजांनी ते दगड वाहिले, त्यांच्या मुलांनी ते फुकट पाहावे हे योग्यच आहे. शिवाय आपल्या पुरातत्त्व खात्याच्या दरपत्रकात नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश अशा शेजाऱ्यांना भारतीयांचाच दर लागू आहे. कोलंबोचा शिक्षक अजिंठा आपल्याच भावात पाहतो. सार्क परिषदांच्या भाषणांतून याहून अधिक काही हाती लागले असेल, तर ते दाखवून द्यावे.

भूतानचा मार्ग मात्र पटत नाही. परदेशी माणसाकडून तेथे रोज शंभर डॉलर शुल्क घेतात. २०२२ मध्ये ते दोनशे होते. भारतीयांसाठी ते रोज १,२०० रुपये आहे. जंगले राखण्याचा हेतू चांगला, पण गर्दी आवरावयाची आणि चाळणी पैशाची लावावयाची, हे श्रीमंतांना सोयीचे रेशनिंग आहे.

आणि आता आपण. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसातून सूट दिली. २०२४ मध्ये तेथे वीस लाखांहून अधिक भारतीय गेले. त्यांत पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-नाशिकचे मध्यमवर्गीय आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आपले कार्यकर्तेही आहेत. काल ज्यांना चलन मिळत नव्हते ते आज गिऱ्हाईक झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मराठी समूहसहलीतून आचारीही बरोबर जातो. बँकॉकला पोहे आणि बालीत पिठले-भात. पैसे मुंबईत भरावयाचे, जेवण आपल्याच माणसाच्या हातचे, हॉटेल साखळीचे. यजमान देशाला उरते काय, तर बसचालकाची बिदागी. याहून वाईट प्रकार २०१६ मध्ये थायलंडच्या सरकारला मोडून काढावा लागला. चिनी प्रवाशांना खर्चाहूनही कमी भावात सहल विकावयाची आणि ठरलेल्या दुकानांतून चढ्या भावाने रत्ने व कातडी वस्तू घ्यावयास लावून तूट भरून काढावयाची, असा तो धंदा होता. फार स्वस्त सहल दिसली की तिच्या मागच्या दाराने कोण पैसे देत आहे, हे विचारावे. घरगुती खोली, सरकारी आगगाडी, बाजारातले जेवण आणि गावातलाच वाटाड्या एवढ्यावर बहुतेक आशिया आजही पाहता येतो. वाटाड्याशी दहा रुपयांची घासाघीस करावी की नाही, हे ज्याचे त्याने वर दिलेल्या मजुरीच्या आकड्यांवरून ठरवावे.

२०१९ मध्ये थायलंडला जवळजवळ चार कोटी परदेशी पाहुणे आले. २०२१ मध्ये चार लाखांच्या थोडे वर. त्या महामारीच्या काळात बालीजवळच्या नुसा लेंबोंगान बेटावरील माणसांनी पूर्वी सोडून दिलेली समुद्रशेवाळाची शेती पुन्हा धरली. ओहोटीला उथळ पाण्यात जाऊन दोऱ्या बांधावयाच्या, महिना-दीड महिन्याने शेवाळ काढून वाळवावयाचे, व्यापारी देईल तो भाव घ्यावयाचा. कष्ट मोठे, मिळकत थोडी. पर्यटक परतू लागले तेव्हा त्या दोऱ्या ठेवावयाच्या की सोडावयाच्या, हा प्रश्न तेथील घराघरांपुढे पुन्हा आला.