नाव कोण लिहून ठेवतो?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी. ए. झालो आणि बँकेत लागलो. गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या मागे बसून लोकांची नावे आणि सह्या तपासतो आहे. आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो मला याच कामातून सापडला.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आता हा दाखला मोबाईलवरूनही देता येतो, पण म्हातारी माणसे शाखेतच येतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक आजी आली. नवरा फौजेत होता. त्याच्या लष्करी कागदावर एक नाव, पासबुकात दुसरे. फरक एका अक्षराचा होता. मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. आजीने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि एवढेच म्हणाली, “साहेब, अक्षर चुकलं म्हणून माणूस बदलतो का?” पुढे तिचे काम झाले, पण त्यासाठी तिला तीन खेपा पडल्या. त्या खेपांचा दोष माझा होता, कारण पहिल्याच दिवशी मी उठून साहेबांना विचारू शकलो असतो. तेव्हापासून फौजेतल्या माणसांच्या नावांविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो. वाचता वाचता जर्मनीतल्या एका दफनभूमीपर्यंत पोहोचलो.

बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर वुन्सडॉर्फ नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच झेरेन्सडॉर्फ येथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे २०६ भारतीयांची नोंद आहे. ते लढताना मेले नाहीत, युद्धकैदी म्हणून मेले.

ते तेथे कसे पोहोचले, हे थोडक्यात सांगतो. १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौज फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरली. ऑक्टोबरात ती ईप्रच्या आघाडीवर उभी होती. अंगात सुती गणवेश आणि समोर युरोपचा हिवाळा. पुढे मार्च १९१५ मध्ये नव शापेलची लढाई झाली. अशा लढायांत जे शत्रूच्या हाती सापडले, त्यांतल्या अनेकांना वुन्सडॉर्फच्या छावणीत आणले गेले. त्या छावणीला अर्धचंद्र छावणी म्हणत.

ही छावणी साधी नव्हती. जर्मनीला या कैद्यांना इंग्रज आणि फ्रेंच यांच्याविरुद्ध फिरवायचे होते. मुसलमान कैद्यांसाठी तेथे १९१५ च्या जुलैत लाकडी मशीद बांधून दिली. जर्मनीतली पहिली मशीद म्हणून ती ओळखली जाते. कैद्यांसाठी वर्तमानपत्रे काढली. बर्लिनमध्ये राहणारे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासारखे भारतीय क्रांतिकारकही या प्रचाराशी जोडलेले होते. परंतु भारतीय कैद्यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

आणखी एक गोष्ट तेथे झाली. जर्मन विद्वानांचे एक मंडळ १९१५ पासून छावण्यांतून फिरू लागले आणि त्याने कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. अडीचशेच्या आसपास भाषा आणि बोली त्यांनी नोंदवल्या. विद्वानांना भाषा हवी होती, माणूस नको होता. पण तबकडीत माणूस उतरलाच. मल्ल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा आवाज ११ डिसेंबर १९१६ रोजी घेतला गेला. त्याने स्वतःचीच कहाणी दुसऱ्या कोणाची म्हणून सांगितली. हिंदुस्थानात लोणी खाऊन राहणारा एक माणूस युद्धात आला, पकडला गेला, आणि आता त्याला घरी जायचे आहे, असा त्या बोलण्याचा आशय आहे. स्वतःचे दुःख थेट बोलता येत नाही, तेव्हा आपण “एक माणूस होता” अशी सुरुवात करतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनीही आपल्याला असेच सांगितले आहे.

घरी जाण्याआधीच अनेकांना थंडीने आणि क्षयाने गाठले. १९१७ मध्ये छावणीतले बहुतेक कैदी त्यामानाने उबदार रुमानियात हलवले गेले. जे मेले, ते झेरेन्सडॉर्फलाच राहिले. त्यांच्याबरोबर रशियाच्या सैन्यातले तातार कैदीही तेथे पुरले आहेत.

पुढचा इतिहास ऐका. तो सगळा परिसर लष्कराचा. दुसऱ्या महायुद्धात वुन्सडॉर्फला जर्मन भूदलाचे मुख्यालय होते. युद्ध संपल्यावर तेथे सोव्हिएत फौजेचे मुख्यालय आले आणि ते १९९४ पर्यंत राहिले. सरावाच्या मैदानात सापडलेल्या त्या दफनभूमीची पार दुर्दशा झाली. रशियन फौज गेल्यानंतर तिची पुन्हा उभारणी झाली आणि २००५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. दोन साम्राज्ये आणि तीन फौजा येऊन गेल्या, पण नावे कागदावर होती म्हणून थडगी पुन्हा उभी करता आली. कागद नसता तर दगड कोणाच्या नावाने उभा केला असता?

मित्रहो, येथे कोणी म्हणेल, की ती तर इंग्रजांची चाकरी करणारी माणसे, त्यांची आठवण आपण का ठेवावी? प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला विचारला. माझे उत्तर असे, की आठवण ठेवणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे. पगारासाठी, पोटासाठी किंवा गावातून बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून माणूस फौजेत गेला. युद्ध कोणाचे, हे ठरवायला त्याला कोणी विचारले नव्हते. मेल्यावर निदान त्याचे नाव तरी विचारले जावे.

आणि ते प्रत्येक ठिकाणी विचारले गेले नाही. हा भाग महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. इराकमधल्या कूत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी इंग्रजांच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वाळवंटातून त्यांना पायी हाकलले गेले. त्या कैद्यांपैकी हजारो परत आले नाहीत.

इराकच्या आघाडीवर मेलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मारक बसरा येथे आहे. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय साध्या शिपायांची मात्र पलटणीगणिक फक्त संख्या घातली. अमुक पलटणीचे इतके, तमुक पलटणीचे इतके. सातारा-कोकणाकडची ती पोरे दगडावर आकडा होऊन राहिली. युद्धातल्या मृतांची थडगी सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये नेमलेल्या आयोगाचे तत्त्व काय होते? हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखा मान. ते तत्त्व युरोपात बऱ्याच अंशी पाळले गेले, आशिया-आफ्रिकेत मोडले गेले. २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी अहवालाने हे मान्य केले. किमान ४५ हजार ते ५४ हजार मृतांची आठवण असमानपणे ठेवली गेली, आणि त्याखेरीज किमान एक लाख सोळा हजारांची नावाने किंवा मुळीच ठेवली गेली नाही, असे त्यात नमूद आहे. आयोगाने माफी मागितली आणि नावे शोधण्याचे काम हाती घेतले. शंभर वर्षांनी का होईना, चूक मान्य झाली.

समतेवर आपण खूप भाषणे ऐकतो. समता शेवटी अशा बारीक जागी तपासली जाते. एकाचे नाव आणि दुसऱ्याचा आकडा, हा भेद तत्त्वाच्या पुस्तकातून सुरू होत नाही. कोणी तरी कारकून वही घेऊन बसलेला असतो आणि “इतकी नावे कशाला?” असे म्हणतो, तेथून तो सुरू होतो. मी स्वतः कारकून आहे म्हणून हे बोलतो. आजीचा अर्ज परत करणारा हात माझाच होता.

विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. आजोबा-आजी, पणजोबा-पणजी यांची पूर्ण नावे, गाव, काम, कोणी फौजेत, गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत असेल तर ते, सारे लिहून काढा. आजीचे माहेरचे नावही लिहा, कारण तेच आधी पुसले जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज मोबाईलवर घ्या. बर्लिनच्या विद्वानांनी भाषेसाठी घेतला, तुम्ही माणसासाठी घ्या. पुढच्या मेळाव्यात या वह्या येथे आणल्या, तर संस्थेच्या कपाटात त्यांना जागा मिळावी, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो.

झेरेन्सडॉर्फच्या त्या २०६ जणांपैकी कोणाला मी ओळखत नाही. आपल्या पायांनी परत येऊन हयातीचा दाखला देणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या वतीने तो आता आपल्यालाच द्यावा लागेल.