अंकुराची वाढ : एका मिनिटाचें कथानक

चित्रपट लहान असला म्हणजे त्यास कथानकाचे नियम लावण्याचें प्रयोजन नाहीं, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. तीन तासांच्या बोलपटांत आरंभ, गुंता आणि उलगडा शोधावा. मिनिटभराच्या चित्रांत शोधावयाचें काय? ह्या समजाची परीक्षा घेण्यास एक चित्र फार सोईचें आहे. तें म्हणजे दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं घेतलेलें ‘अंकुराची वाढ’.

कुंडींत वाटाणा पेरावयाचा, समोर कॅमेरा स्थिर ठेवावयाचा आणि महिन्याहून अधिक काळ थोडथोडीं चित्रें घेत जावयाचें, एवढीच त्याची कृति. रोज एकच चित्र घेतलें असें सांगण्याचा प्रघात आहे. पण त्या काळीं सेकंदास सुमारें सोळा चित्रें पडद्यावरून सरकत. तीस दिवसांचीं तीस चित्रें दोन सेकंदांतच संपलीं असतीं! मिनिटभर चालावयाचें तर दिवसास तीस-बत्तीस चित्रें हवींत. हा हिशेब केवळ पाटीवरचा नव्हे. कथा घडण्यास लागणारा काळ निराळा आणि ती सांगण्यास लागणारा काळ निराळा, हा भेद जेरार जनेत ह्या फ्रेंच पंडितानें १९७२ सालीं विस्तारानें मांडला. वाटाण्याच्या चित्रांत एका महिन्याचें एक मिनिट होतें. म्हणजे काळ त्रेचाळीस हजार पटींनीं आंखडतो. कादंबरीकार ‘महिना गेला’ एवढें लिहून मोकळा होतो. येथें मात्र तो जाणारा महिनाच कथेचा विषय झाला आहे.

भारतीय नाट्यशास्त्राकडे वळलें तर योगायोग मोठा मौजेचा दिसतो. भरतमुनींनीं आणि पुढें दहाव्या शतकांत ‘दशरूपक’कार धनंजयानें कथावस्तूच्या पांच अर्थप्रकृति सांगितल्या, त्यांतील पहिलीचें नांवच ‘बीज’. आरंभीं अल्पसें सूचित होऊन पुढें अनेक प्रकारें पसरतें तें बीज. शास्त्रकारांची उपमा फाळक्यांच्या कुंडींत अक्षरशः खरी झाली. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम ह्या पांच अवस्थाहि वरवर पाहतां जुळतात. माती फुगते, कोंब डोकें वर काढतो, पानें उलगडतात.

पण हें जुळणें वरवरचेंच आहे. ह्या अवस्था फलाची इच्छा धरणाऱ्याच्या कार्याच्या आहेत, असें धनंजय स्पष्ट म्हणतो. वाटाण्यास इच्छा कोठली? शिवाय पांच संधींपैकीं चौथा जो विमर्श, जेथें क्रोध, संकट किंवा प्रलोभन यांमुळें फल हातचें जाईल कीं काय अशी शंका उत्पन्न होते, तो ह्या चित्रांत नाहींच. छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडमार्गें अजिंठ्यास जातांना वाटेंत फुलंब्री लागते. तेथील शिवारांत हरभरा पेरणाऱ्या शेतकऱ्यास हें चित्र दाखविलें, तर तो कौतुक करील आणि मग विचारील, ‘ह्यांत अळी कुठं हाय?’ ढगाळ हवा पडली कीं घाटेअळी येते, मर रोगानें उभें रोप वाळतें, हें तो जाणतो. त्याच्या रानांत विमर्श आहे. पाणी घातलेल्या कुंडींत नाहीं. (त्याच रस्त्यानें पुढें अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर राजपुत्र एकाच भिंतीवर पुनःपुन्हां दिसतो, तेथें काळ स्थळांत मांडला आहे. पण तो स्वतंत्र विषय होय.)

मग हें कथानकच नव्हे काय? केवळ पडद्यापुरतें बोलावयाचें तर नव्हे, असेंच म्हणावें लागेल. परंतु तें चित्र कोणासाठीं होतें हें पाहिलें म्हणजे उणा राहिलेला संधि सांपडतो. फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते; पूर्ण नाट्यचित्रास लागणारें भांडवल मात्र त्यांजपाशीं नव्हतें. कांहीं निवडक लोकांस त्यांनीं हें मिनिटभराचें चित्र दाखविलें. पाहणाऱ्यांच्या मनांतील प्रश्न रोप वाढेल कीं नाहीं हा नव्हता. ह्या गृहस्थास कर्ज द्यावें कीं न द्यावें, हा होता. फलाची इच्छा धरणारा नायक कॅमेऱ्यामागें उभा होता! यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनीं कर्ज देऊं केलें, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेहि गहाण पडले.

त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या चित्रास फाळक्यांनीं कथानक निवडलें तें हरिश्चंद्राचें. राज्य जातें, पत्नी-पुत्रांचा वियोग होतो आणि सत्य टिकेल कीं नाहीं ही शंका शेवटपर्यंत राहते. वाटाण्याच्या चित्रांत नसलेला विमर्श येथें पदोपदीं आहे. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत तें लोकांपुढें आलें. त्यांतील रोहिदासाचें काम फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र यानें केलें होतें.