यंत्राचा विलंब आणि माणसाचा दोष



आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. संगणकाचे शास्त्र आम्ही कुठल्या विद्यालयात शिकलो नाही; एका भगिनीला आलेल्या नोटिशीने ते आम्हांला शिकवले.

ही भगिनी एका पतपेढीच्या खिडकीवर पावत्या देत असे. मुख्य कचेरीतील सर्व्हर बदलला आणि पावत्या रेंगाळू लागल्या. रांग वाढली, सभासद कावले आणि व्यवस्थापनाने तिच्यावर चुकारपणाचा ठपका ठेवून दोन दिवसांचा पगार कापला.

आम्ही घड्याळ घेऊन तिच्या शेजारी बसलो. पावती कुणाचीही असो, बटण दाबल्यापासून पाच सेकंद! गिरणीत आयुष्य काढलेल्याला एवढे कळते, की माणूस सकाळी चपळ असतो आणि जेवणानंतर जड होतो. तारेवरची गर्दीदेखील कमीजास्त होते. जो विलंब दर वेळी सारखाच, तो थकव्याचा नव्हे. तो कुणीतरी आधी ठरवून ठेवलेला वाट पाहण्याचा अवधी होय.

मग संघटनेतील एका कामगाराच्या मुलाला आम्ही हाताशी धरले. त्याने समजावले ते असे. प्रत्येक पावतीसाठी खिडकीवरचा प्रोग्राम सर्व्हरकडे नवे सॉकेट उघडतो. प्रथम तीन निरोप होतात: 'ऐकू येते का?', 'येते, तुला येते का?', 'येते.' त्यानंतर कामाचे बोलणे. तेव्हा पहिला प्रश्न हा, की वेळ जातो तो ओळखीत की त्यानंतर?

टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम येणारी-जाणारी पाकिटे वेळेसह नोंदवतो. तो सर्व्हरवर चालवला. ओळख तर क्षणात होत होती. पुढे सर्व्हर गप्प! नव्हे, तो गप्प नव्हताच. तो तिसऱ्याच यंत्राला विचारीत होता, 'या आय.पी. पत्त्याचे नाव काय?' ते नावे सांगणारे यंत्र केव्हाच काढून टाकलेले. लिनक्सची रीत अशी, की उत्तर न आल्यास पाच सेकंद थांबावे आणि मग यादीतील दुसऱ्याला विचारावे. दुसरा तत्काळ उत्तर देई. मेलेला पत्ता यादीतून खोडला, आणि पावती झटक्यात निघू लागली.

असे ठरीव आकडे आणखी आहेत. नेमका एक सेकंद, किंवा तीन, किंवा सात लागत असतील, तर ओळखीचा निरोपच वाटेत हरवतो आहे असे समजावे. कारण तो पुन्हा पाठवण्यापूर्वी यंत्र आधी एक, मग दोन, मग चार सेकंद थांबते. ४० किंवा २०० मिलिसेकंदांची अडखळ दिसली, तर गोष्ट निराळी. १९८४ साली जॉन नेगल यांनी सुचवले, की एका अक्षरासाठी ४० बाइटांचे वेष्टण वाया घालवू नये. आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत किरकोळ माल साठवावा. पलीकडची बाजूही काटकसरी. पोच उत्तराबरोबरच द्यावी म्हणून ती थांबते. दोघेही शहाणे, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसलेले! अशा वेळी मजकूर तुकड्यांनी न लिहिता एकदम लिहावा. ते जमत नसेल तर टीसीपी नोडिले ही खूण लावून नेगल यांचा नियम त्या सॉकेटापुरता बंद करावा.

नोटीस मागे घेतली गेली. कापलेला पगार मिळवायला मात्र आम्हांला तीन महिने भांडावे लागले; तो विलंब कोणत्याही टीसीपीडम्पात दिसला नसता.

तात्पर्य एवढेच. 'यंत्र सांगते' असे म्हणून कुणाच्या भाकरीवर घाला पडत असेल, तर यंत्रालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करा. ते खोटे बोलत नाही. पण त्याला नेमका प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी पदवी लागत नाही. एक घड्याळ, एक वही आणि न घाबरता विचारण्याची सवय पुरते.